गुप्तेबाईंचे हावरे

"तू तो फोटोवाला का?"

गुप्तेबाई माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. मुलुंडला, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका क्षयाच्या इस्पितळात मी एक्स-रे काढायला नुकताच लागलो होतो. स्वातंत्र्य मिळून पाचसहा वर्षं झाली असतील. अंगात नवा पांढरा कोट, खिशाला पेन, आणि आपण आता काहीतरी झालो असा चेहरा. मी ताठ होऊन म्हटलं, "मी रेडिओग्राफर आहे. परब."

"तेच ते. हे बघ परब, तुझ्या फोटोत सावली दिसते. त्या सावलीत कोण उभं आहे ते मी सांगते. म्हणजे आपलं भांडण होणार, आणि रोज होणार. चहा घेतोस?"

डॉक्टर इंदुमती गुप्ते आमच्याकडे पॅथॉलॉजिस्ट होत्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. पांढरी पाचवारी साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि उजव्या हाताची तीन बोटं कायमची निळी. स्लाइडी रंगवायच्या निळ्या रंगाचे ते डाग साबणाने जात नसत, आणि बाईंना ते घालवायचेही नव्हते. एकदा एका नर्सने लिंबू चोळून बघा म्हणून सुचवलं, तर म्हणाल्या, "लिंबू मी बोंबलाला लावते. बोटांवर कशाला फुकट घालवू?"

लग्न केलेलं नव्हतं. का, ते विचारायची कुणाची छाती नव्हती. देवाचं नाव घेत नसत, पण हात धुण्याच्या बाबतीत कुठल्याही सोवळ्या आजीने त्यांच्यापुढे हार मानली असती. डबा प्रयोगशाळेत कधी उघडला नाही. बाहेरच्या दगडी पायरीवर बसून वालाचं बिरडं खायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "थांब, हात दाखव" म्हणून अडवायच्या. सुपरिटेंडेंट डॉक्टर वागळ्यांनाही त्यांनी एकदा तसंच अडवलं होतं. वागळेसाहेब विलायतेहून शिकून आलेले, इस्त्रीच्या घडीसारखे सरळ. त्यांनी हात दाखवले. पण तो अपमान त्यांनी कुठेतरी आत घडी घालून ठेवला.

बाईंचं खरं घर म्हणजे त्यांचा पितळी मायक्रोस्कोप. रोग्याच्या थुंकीत लाल काडीसारखे क्षयाचे जंतू शोधायचे, सापडले की मोजायचे, एवढंच त्यांचं सरकारमान्य काम. त्यांचा जीव मात्र जंतूंत नव्हता. "जंतूत काय बघायचं? काडीसारखी काडी. मजा आहे ती त्याच्या भोवती जमणाऱ्या गर्दीत." फुप्फुसातल्या ज्या पेशी जंतू गिळतात, धूळ गिळतात, समोर येईल ते गिळतात, त्यांना बाई हावरे म्हणायच्या. कधी कधी बरेच हावरे एकमेकांना चिकटून त्यांची एकच थोरली पेशी होते, आत वीस-पंचवीस केंद्रकं कडेला ओळीने लागलेली. ते एकत्र कुटुंब. "बघ, सगळे भिंतीला टेकून बसलेत, मधली जागा रिकामी. बोलत नसणार एकमेकांशी."

आणि सगळ्यात बाहेर, गोल गोल, लहान, नुसतं डोकं आणि धड नाहीच अशा पेशींचा वेढा. त्या म्हणजे कारकून.

"हे काय करतात बाई?" मी विचारलं होतं.

"मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. पुस्तकं पानभर लिहितात आणि काही सांगत नाहीत. पण जिथे मारामारी तिथे हे हजर. काम करताना एकही दिसत नाही, तरी हलत नाहीत. माझा संशय आहे परब, एक दिवस कळेल की सगळं ऑफिस हेच चालवत होते."

बऱ्याच वर्षांनी माझ्या पुतण्याच्या डॉक्टरकीच्या पुस्तकात मी वाचलं की त्या गोल पेशींनी हुकूम सोडल्याशिवाय हावऱ्यांना गिळलेला जंतू नीट मारताच येत नाही. पुस्तक मिटून मी मोठ्याने हसलो. पुतण्याला वाटलं, काकांचं काहीतरी बिघडलं.

बाईंच्या तोंडाची मजा बघायची तर दारूबंदीच्या इन्स्पेक्टरचा दिवस सांगायला हवा. तेव्हा मुंबईत दारूबंदी कडक होती आणि प्रयोगशाळेत तर स्पिरिटचे कॅन. स्लाइडी धुवायला, फुप्फुसाचे तुकडे सुकवायला लागायचंच. एक नवा, उत्साही इन्स्पेक्टर तपासणीला आला. मिशा अशा की त्या आधी आत आल्या आणि माणूस मागून. म्हणाला, "एवढं स्पिरिट जातं कुठे? कोण पितं?"

बाईंनी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला नाही. "मागे कपाटात बसलेत. विचारून घ्या."

त्याने कपाट उघडलं. आत काचेच्या बरण्यांत, स्पिरिटात बुडवलेली, ओळीने फुप्फुसं. कुणाला भोक पडलेलं, कुणाचं काळं झालेलं, कुणात पनिरासारखा पांढरा गोळा. इन्स्पेक्टर मागे सरकला तो थेट माझ्या अंगावर.

"तो डावीकडचा सगळ्यात जास्त घेतो," बाई म्हणाल्या. "पण बिचारा कटकट करत नाही."

इन्स्पेक्टर दोन पेले पाणी पिऊन गेला. परत आला तो सहा महिन्यांनी, खोकला घेऊन. बाईंनी त्याची थुंकी तीनदा तपासली. "काही नाही, सिगरेट सोड," म्हणून त्याला घरी पाठवलं आणि तो गेल्यावर म्हणाल्या, "मिशा काढल्या तर बरा दिसेल."

अशा या बाईंच्या पुढ्यात एके दिवशी महादेव गावडे येऊन उभा राहिला, आणि पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं.

गावडे मूळचा कणकवलीकडचा. विक्रोळीच्या एका कारखान्यात टर्नर होता, घाटकोपरला चाळीत राहायचा. उजव्या फुप्फुसात वर पोकळी. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं चालू होती, नव्या गोळ्याही सुरू केल्या होत्या, आणि वागळेसाहेबांचा हुकूम होता की सहा महिने खाटेवरून उठायचं नाही. दीड महिन्यात गावडे कंटाळला. फोटो काढायला माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या पिशवीत कपडे भरलेले होते. मी मालवणचा म्हणून माझ्याशी मोकळं बोलायचा.

"परबानू, मी चललंय. निजान निजान पाठ सडली. कारखान्यात दुसरो माणूस घेतल्यानी तर खातलंय काय?"

मी त्याला धरून बाईंकडे नेलं. रोग्याला प्रयोगशाळेत आणायला सक्त मनाई होती. बाईंनी पिशवीकडे बघितलं, गावडेकडे बघितलं. समजूत वगैरे घालायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. मायक्रोस्कोपखाली एक स्लाइड बदलली आणि स्टूल पुढे सरकवलं. "बस. डोळा लाव. काय दिसतं?"

"निळा निळा."

"ती तुझी थुंकी. आता मधे बघ, एक मोठा, पोटात काळी भुकटी भरलेला."

"दिसलो. ह्यो काळो कोण?"

"तो तुझा माणूस आहे. काळं आहे ती तुझ्या कारखान्याची धूळ आणि तुझ्या विडीचा धूर. तू जे जे छातीत घेतलंस ते हा बसून खातोय. आणि त्याच्याच पोटात बघ, दोन लाल काड्या दिसतात? ते क्षयाचे जंतू. तेही खाल्लेत त्याने. पचत नाहीयेत, पण सोडतही नाही."

गावडे बराच वेळ डोळा लावून बसला. मग हळू आवाजात म्हणाला, "बाय, ह्यो तर माझोच भाव दिसता. डबल पाळी करता हा."

"मग? त्याला एकट्याला पाळीवर टाकून तू गावाला चाललास. इंजेक्शन बंद, दूध बंद, अंडं बंद. त्याने कशावर लढायचं, तुझ्या विडीवर?"

गावडेने पिशवी उचलली आणि वॉर्डात परत गेला. पुढे रोज सकाळी नर्सला विचारायचा, "माझो भाव काय म्हणता?" नर्सला वाटायचं याला भ्रम झालाय. तिने तसं कागदावर लिहूनही ठेवलं होतं.

दहा महिन्यांनी गावडे बरा झाला. माझ्या फोटोत पोकळी मिटलेली, बाईंच्या स्लाइडीवर एकही लाल काडी नाही, सलग तीन वेळा. बाईंनी कागदावर सही केली, आणि त्याच दिवशी गावडेची बायको शेवंती फाटकाशी रडत उभी राहिली. चाळ त्याला घेणार नाही म्हणत होती. चाळीचे सेक्रेटरी पाटणकर, कुठल्याशा ऑफिसात हेडक्लार्क, त्यांनी सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. शेवंतीने नळावर सगळ्यांच्या शेवटी पाणी भरायचं असाही नियम त्यांनी केला होता. म्हणजे नळ जाता जाता मिळेल ती तळाची बादली तिच्या वाट्याला.

बाईंनी निळी बोटं पदराला पुसली. "परब, रविवारी काय करतोस?"

"काही नाही."

"मग चल."

रविवारी सकाळी आम्ही घाटकोपरला गेलो. बाईंच्या पिशवीत छोट्या सुया आणि ट्युबरक्युलिनच्या कुप्या. हाताच्या त्वचेत एक थेंब टोचायचा. क्षयाचा जंतू आयुष्यात कधीही छातीत शिरला असेल तर दोन-तीन दिवसांत तिथे लाल गाठ उठते, कारण पेशींना जुनी ओळख आठवते. शिरलाच नसेल तर हात कोरा राहतो. या कुप्या इस्पितळाच्या होत्या आणि त्या बाहेर न्यायची परवानगी बाईंनी कुणाला विचारली नव्हती. हे मला वाटेत कळलं.

बाई चाळीच्या मधल्या जिन्यावर उभ्या राहिल्या. गॅलऱ्यांतून माणसं वाकली.

"गावडेची भीती कुणाकुणाला वाटते?"

सगळ्यांनाच वाटत होती. पाटणकर पुढे झाले. "बाई, आमची लहान मुलं आहेत. नळ एक, संडास एक. तुमचं ठीक आहे, तुम्ही मुलुंडला राहता."

"बरोबर आहे तुमचं. गावडेच्या थुंकीत आता जंतू नाहीत हे मी लिहून दिलंय, पण माझ्या लिहिण्यावर विश्वास का ठेवायचा? म्हणून असं करू. मी फुकट तपासणी करते. हाताला एक टोचणी. ज्याची छाती कोरी निघेल त्याने मला सांगावं, 'गावडे नको'. मी त्याला परत घेऊन जाते. आहे कबूल?"

कबूल न व्हायला काय झालं! सगळ्यांना खात्री होती. त्रेचाळीस मोठ्या माणसांनी हात पुढे केले, आणि सगळ्यात आधी पाटणकरांनी.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही परत गेलो तेव्हा चाळीत आवाज नव्हता. गॅलरीत माणसं आपापला हात धरून बसली होती. बाई एकेकाची गाठ पट्टीने मोजत होत्या आणि "छान", "वा", "ही तर मुंबईची शान" असं काहीबाही म्हणत होत्या. पाटणकर पूर्ण बाहीचा शर्ट घालून खुर्चीवर बसले होते.

"बाही वर करा."

"मला तिथे डास चावलाय."

"फार शिकलेला डास दिसतो. नेमकं मी टोचलं तिथेच चावला." बाईंनी बाही वर सारली. चाळीतली सगळ्यात थोरली गाठ पाटणकरांच्या हातावर होती.

त्रेचाळीसांत कोरा हात निघाला एकट्या भिवाचा. तो गेल्या महिन्यातच गावाहून आला होता आणि गावडेच्याच खोलीत, शेवंतीच्या सोबतीला म्हणून झोपत होता, तिचा धाकटा दीर. बाई त्याला म्हणाल्या, "तुला हक्क आहे. बोल, गावडे नको म्हणतोस?"

"भाव हा तो माझो," भिवा ओशाळून म्हणाला.

इथे सगळं संपलं असतं तर बाईंना कुणी काही म्हटलं नसतं. पण बुधवारी सकाळी आठ वाजता इस्पितळाच्या फाटकावर सगळी चाळ येऊन उभी राहिली. पाटणकर पुढे, मागे बायका, मुलं, एका म्हाताऱ्याला तर खुर्चीत घालून आणलेलं. आम्हाला सगळ्यांना क्षय झालाय, आम्हाला भरती करा, असा एकच घोषा. वागळेसाहेबांची गाडी फाटकातून आत येईना.

बाई पायरीवर आल्या. मी त्यांना इतक्या शांतपणे बोलताना एकदाच ऐकलं ते तेव्हा.

"कुणाला काही झालेलं नाही. घरी जा. तुमच्या छातीत चोर शिरला होता, केव्हातरी लहानपणी. तुमच्याच माणसांनी त्याला पकडून भिंत बांधून आत कोंडलं, आणि आजही ती माणसं तिथे पहाऱ्यावर आहेत. गाठ उठली ती त्यांनी उठवली. गावडेच्या छातीतली भिंत फुटली होती, ती परत बांधलीय. तुमच्यात आणि त्याच्यात फरक आहे तो एवढाच."

"आमची कशाने फुटेल?" गर्दीतून एका बाईने विचारलं.

"पोटाला नीट न मिळालं तर. डबल पाळ्या केल्या तर. शेजाऱ्याला तळाची बादली दिली तर त्याच्या बायकोची फुटेल. आणि कधी कधी काही कारण नसताना फुटते. मला सगळं कळत असतं तर इथे लोकांच्या थुंक्या बघत बसले असते का?"

चाळ परत गेली. जाताना पाटणकर शेवंतीकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून नंबराप्रमाणे पाणी भरा." गावडे शनिवारी घरी गेला.

सोमवारी वागळेसाहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. इस्पितळाच्या कुप्या, परवानगी नाही, नागरिकांना टोचलं, घबराट पसरवली. सगळे आरोप खरे होते. साहेब माझ्याकडे वळले. "मिस्टर परब, तुम्ही यांच्याबरोबर गेला होतात?"

माझं नुकतंच लग्न ठरलं होतं. नोकरी कायम व्हायला दोन महिने होते. मी साहेबांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत म्हणालो, "नाही सर. मला काही माहीत नाही."

मग बाई म्हणाल्या, "त्याला काय विचारता? फोटोवाले अंधारात काम करतात. त्यांना काही दिसत नाही."

मला वाचवलं आणि मला जे सुनवायचं होतं तेही सुनावलं, एकाच वाक्यात.

लेखी माफी मागा, असं ठरलं. बाईंनी तिथेच उभ्याउभ्या लिहिली. "कुप्या न विचारता नेल्या याबद्दल दिलगीर आहे. निकाल खरे आले याबद्दल दिलगीर नाही." साहेबांनी दुसरं वाक्य खोडायला सांगितलं. बाईंनी पहिलंही खोडलं आणि खाली राजीनामा लिहिला.

शेवटच्या दिवशी त्या माझ्या खोलीत आल्या. दरवर्षी इस्पितळातल्या प्रत्येकाची छाती तपासायचा नियम होता आणि बाई दरवर्षी काहीतरी सबब सांगून चुकवायच्या. मी दोन दिवस त्यांना तोंड दाखवलं नव्हतं. "काढ एक फोटो," त्या म्हणाल्या आणि यंत्रासमोर हनुवटी टेकून उभ्या राहिल्या.

मी फिल्म धुऊन दिव्यावर धरली. उजव्या फुप्फुसात वर, दोन पांढरेशुभ्र खडे. जुनी, बरी झालेली, चुना धरलेली जखम.

"एकोणिसाव्या वर्षी," बाई म्हणाल्या. "वर्षभर खाटेवर होते. तेव्हा इंजेक्शन नव्हतं की गोळी नव्हती, नुसती हवा आणि अंडी. लग्न ठरलं होतं. त्यांना कळल्यावर त्यांनी नारळ परत पाठवला. नारळ चांगला होता, आईने खोबऱ्याच्या वड्या केल्या." निळं बोट त्यांनी फिल्मवर टेकवलं. "बघ, बांधकाम कसं केलंय. इतकी वर्षं झाली, एक वीट हलली नाही."

मी म्हटलं, "बाई, त्या दिवशी मी साहेबांना..."

"अंधारात होतास. सांगितलंय ना मी." फिल्म त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळली. "लग्नाला बोलावू नकोस. मी येईन आणि तुझ्या सासऱ्याचे हात बघायला मागेन."

त्या गेल्या. कुर्ल्याला कुठेतरी खाजगी प्रयोगशाळा काढली असं ऐकलं. मी कधी गेलो नाही. जायचं म्हणजे काय तोंडाने जायचं, हा प्रश्न होता, आणि मग प्रश्न जुना झाला की जाणं आणखी अवघड होतं.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या. दोन-तीन वर्षांनी, घाटकोपर स्टेशनच्या बाहेर, भर दुपारी. मी बायकोबरोबर बसमध्ये खिडकीशी बसलो होतो. रसाच्या गुऱ्हाळापाशी एक धिप्पाड माणूस हातात रसाचा पेला घेऊन उभा होता. तो खोकला आणि रस्त्यावर थुंकला. शेजारून जाणारी एक पांढऱ्या साडीतली बाई थबकली. मला वाटलं, आता हिच्या तोंडून चार शब्द निघणार. पण गुप्तेबाई खाली वाकल्या. चष्मा वर सरकवून त्यांनी त्या थुंकीकडे नीट, एखादी रांगोळी बघावी तसं बघितलं. मग उठून त्या माणसाला काहीतरी विचारलं. तो हसला. त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. तो हसायचा थांबला.

मी जागेवरून अर्धा उठलो. बायको म्हणाली, "काय झालं?"

बाईंनी त्याच्या हातातला पेला काढून गुऱ्हाळाच्या फळीवर ठेवला, त्याचं कोपर धरलं आणि एक हात वर करून आमच्या बसला थांबवलं. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला आणि शिवी घातली. बाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. आपल्या दीडपट उंचीच्या त्या माणसाला त्या रस्त्यापलीकडे ओढत नेत होत्या, आणि तो मान वळवून वळवून फळीवरच्या अर्ध्या राहिलेल्या रसाकडे बघत होता.